दुकानाच्या पायरीवर माल मांडताना



बचत गटाच्या बायका माल करण्यात कुठं कमी पडत नाहीत. चटणी असो, कुरडई असो, काळा मसाला असो की गोधडी असो, हात बसलेला असतो. अडतं ते पुढं. माल पिशवीत भरून तालुक्याच्या दुकानाशी गेलं की घरात घडाघडा बोलणारी बाईसुद्धा गप्प होते. मग तोंडातून एकच वाक्य निघतं, "शेठ, आम्ही गटाच्या बायका आहोत, जरा मदत करा." शेठ भला असला तर चार पाकिटं ठेवून घेतो. पण मदत माणूस एकदा करतो. पुढच्या खेपेला तोच म्हणतो, "ताई, मागचीच शिल्लक आहेत हो." आणि गट म्हणतो, आमच्या मालाला मार्केट नाही.

आज आम्ही बोलणार आहोत ते त्या पायरीवरच्या दहा मिनिटांविषयी, त्याआधीच्या तयारीविषयी आणि त्यानंतरच्या वसुलीविषयी. बोलणं अधांतरी राहू नये म्हणून एकच माल धरून चालू. सोलापूरकडची शेंगदाण्याची चटणी आणि तिच्या जोडीला ज्वारीची कडक भाकरी. तुम्ही पापड करत असाल किंवा पिशव्या शिवत असाल तर त्या जागी आपला माल धरा.

आधी जरा गल्ल्याच्या पलीकडे जाऊन बसा आणि दुकानदाराच्या डोळ्यांनी बघा. त्याच्याकडे फळीवर वीतभर जागा आहे. त्या जागेवर आज कुठल्या तरी कंपनीचं पाकीट आहे. त्या कंपनीचा माणूस ठरल्या वारी येतो, जुना माल बदलून देतो, पक्कं बिल देतो. ती जागा तुम्हाला द्यायची तर त्याच्या मनात चार-पाच शंका असतात. हे घेणार कोण? एका पाकिटामागं मला काय सुटणार? संपलं तर पुन्हा वेळेवर येणार का, की गावात जत्रा आहे, कुणाचं लग्न आहे म्हणून महिनाभर फिरकणार नाहीत? खराब निघालं तर परत कोण घेणार? आणि अन्न व औषध प्रशासनाचा माणूस आला तर पाकिटावरचा मजकूर त्याला चालेल का? आपण किती कष्ट करतो, घरची परिस्थिती काय, हे त्याच्या शंकांमध्ये कुठंच नाही. ते खरं असतं, पण ते ऐकून त्याची एकही शंका फिटत नाही. म्हणून पायरीवर आपण बोलायचं ते ह्या शंकांना धरून. बाकी सगळी तयारी त्यासाठीच.

सगळ्यात पहिली तयारी भावाची. इथं आम्ही जरा जास्त वेळ थांबणार आहोत, कारण इथंच गटाचे पैसे न कळत गळतात.

समजा दहा किलो चटणी केली. भाव तुमच्या गावचे वेगळे असतील, हिशोबाची रीत तेवढी घ्या. दहा किलो शेंगदाणे १४० रुपयांनी १,४०० रुपये. भाजून पाखडल्यावर ते थोडे घटतात, मसाल्यानं पुन्हा दहाच्या आसपास येतं. लसूण १०० रुपयांचा, लाल तिखट २०० रुपयांचं, मीठ-जिरं ५० रुपयांचं. गॅस आणि कांडप मिळून १५०. दोनशे ग्रॅमची ५० पाकिटं होणार, पाकीट आणि लेबल मिळून चार रुपये धरले तर २००. तालुक्याला नेण्या-आणण्याचे १००. एसटीत बाईला अर्धं तिकीट झालं ही सोय चांगली, पण स्टँडपासून दुकानापर्यंतची रिक्षा पूर्णच लागते. ही बेरीज झाली २,२०० रुपये. म्हणजे एक पाकीट ४४ रुपयांना पडलं.

बऱ्याच वह्यांमध्ये हिशोब इथं संपतो. मग ५० रुपयाला पाकीट विकलं की सहा रुपये सुटले म्हणून आनंद. पण चटणी भाजली कुणी, सोलली कुणी, पाकिटं भरली कुणी? दोन बायकांचा अख्खा दिवस गेला. त्याच बायका दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेल्या असत्या तर मजुरी घेतलीच असती ना? दिवसाचे ४०० धरले तर दोघींचे ८००. आता बेरीज ३,००० आणि पाकीट पडलं ६० रुपयांना. म्हणजे ५० रुपयाला विकलेल्या प्रत्येक पाकिटात सहा रुपये नफा नव्हता, दहा रुपये तोटा होता. आणि तो तोटा त्या दोन बायकांनी आपल्या अंगावर घेतला होता. गटातल्या कामाची मजुरी धरायची नाही ही सवय आपल्याला घरातून लागलेली आहे. घरातल्या कामाचं कुणी धरत नाही, तेच आपण धंद्यात आणतो. वहीत मजुरीची ओळ पहिल्या दिवसापासून हवी, पैसे त्याच दिवशी वाटले नाहीत तरी.

बरं, ६० रुपयांना पडलं. नमुन्याला दिलेलं, फुटलेलं, परत आलेलं पाकीट आणि गटाची कमाई मिळून १२ रुपये वर धरू. दुकानदाराला द्यायचा भाव झाला ७२ रुपये. आता शेठ म्हणतात, "मला वीस टक्के सुटले पाहिजेत." इथं घोटाळा होतो. आपण ७२ चे वीस टक्के काढतो, १४ रुपये ४० पैसे, आणि पाकिटावर साधारण ८६ छापतो. शेठ मात्र वीस टक्के धरतात ते पाकिटावर छापलेल्या किमतीचे, म्हणजे एमआरपीचे. ८६ चे वीस टक्के १७ रुपये २० पैसे. ते वजा जाऊन तुमच्या हातात येतात ६८ रुपये ८० पैसे. पाकिटामागं तीन रुपये वीस पैसे गेले, पन्नास पाकिटांमागं १६० रुपये गेले, आणि कुणी कुणाला फसवलेलं नाही. नुसता टक्का कशावर धरायचा एवढाच फरक.

सरळ रीत अशी. शेठला वीस टक्के द्यायचे तर छापील किमतीतले ऐंशी टक्के आपले. आपल्याला ७२ हवेत. ७२ ला ८० नं भागायचं आणि १०० नं गुणायचं. येतात ९०. पाकिटावर ९० छापा. शेठला १८ सुटतात, आपल्याला ७२ मिळतात. तीस टक्के मागणारा भेटला तर ७० नं भागायचं, म्हणजे १०३ रुपयांच्या आसपास जातं. तेवढ्याला चटणी खपेल का हा विचार मग करायचा, आणि खपणार नसेल तर त्या दुकानाला हात जोडायचे. गटातल्या शाळकरी मुलीकडून मोबाईलवर हा हिशोब दोन-तीनदा करून घ्या, हात बसतो.

छापील किमतीत सगळे कर आलेले असतात, तिच्या वर कुणालाच विकता येत नाही. जीएसटीचं विचाराल तर महाराष्ट्रात फक्त मालाचा धंदा करणाऱ्याला वर्षाची विक्री ४० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यात माल पाठवायचा असेल तर मात्र आधी हिशोबनिसाला विचारा. नोंदणी नसलेल्या गटानं बिलावर जीएसटी लावायचा नाही.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुकानात ९० चं पाकीट ठेवून त्याच गावच्या बाजारात तेच पाकीट ७२ ला विकायला बसू नका. शेठचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडावर बोलतं आणि तुमचा माल फळीवरून खाली येतो. घरी येऊन घेणाऱ्या शेजारणीला चार-पाच रुपये कमी करा, हरकत नाही. तिथं तुमची रिक्षा वाचलेली असते.

आता पाकीट. सुंदर नसलं तरी चालतं, अपुरं चालत नाही. खायच्या मालाला एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या उत्पादकाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते, तिचा चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापायचा. त्याबरोबर मालाचं नाव, काय काय घातलं ते (जे जास्त ते आधी), निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, बॅच नंबर, किंमत, गटाचं नाव, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन, आणि शाकाहारी मालाची खूण, म्हणजे हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. शेंगदाण्याची काहींना ॲलर्जी असते, म्हणून 'शेंगदाणे आहेत' हे ठळक हवं. एका ग्रॅमची किंवा एका किलोची किंमत किती हेही आता पाकिटबंद मालावर लिहायला सांगतात. छपाईवाल्याकडे जाण्याआधी एकदा जाणकाराकडून मजकूर तपासून घ्या, पाच हजार लेबलं छापून झाल्यावर एक ओळ राहिली तर सगळी वाया.

निव्वळ वजन म्हणजे पाकीट सोडून आतल्या चटणीचं. काटा वैधमापन खात्याकडून दर वर्षी तपासून शिक्का मारून घ्यायचा असतो. दोनशे लिहून एकशे नव्वद भरलं तर तो गुन्हा आहे. आणि उलट, हात सैल म्हणून प्रत्येक पाकिटात दहा ग्रॅम जास्त गेली तर पन्नास पाकिटांत अर्धा किलो चटणी फुकट गेली, तीही कुणी मोजत नाही.

कधीपर्यंत खावं ही तारीख कुठून आणायची? शेजारच्या गटाच्या पाकिटावरची उतरवू नका. शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि चटणी खवट होते, ते किती दिवसांत होतं ते तुमच्या भाजणीवर, पाकिटाच्या जाडीवर आणि हवेवर आहे. सोपा मार्ग असा की एका घाण्यातली दहा पाकिटं बाजूला ठेवायची, दर आठवड्याला एक फोडून तिघींनी चव घ्यायची आणि वहीत लिहायचं. ज्या आठवड्यात पहिल्यांदा कुणी नाक मुरडलं त्याच्या बऱ्याच अलीकडची तारीख धरायची. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा हे करा. पुढं धंदा वाढला की प्रयोगशाळेतून तपासणी करून घेता येते, शहरातले मोठे दुकानदार ती मागतातच.

पावसाळ्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. लिज्जत पापड आज सगळ्यांना ठाऊक आहे. १५ मार्च १९५९ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन तो सुरू केला, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणली, खाली शेगडी ठेवली, वर पापड वाळवले, आणि माल थांबला नाही. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात द्यायला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि दर्जाला धक्का लावू नका. आम्हाला ह्या दोन गोष्टी गटांना पुन्हा पुन्हा सांगाव्याशा वाटतात, कारण दुकानदार नेमकं हेच बघतो. बारा महिने येतो का, आणि प्रत्येक वेळी तसाच येतो का. पाच घरांत पाच जणींच्या हातची चटणी झाली तर पाच चवी होतात. म्हणून मीठ, तिखट, लसूण काट्यावर मोजून घालायचं, अंदाजानं नाही. आमच्या आया अंदाजानंच करत आणि उत्तम करत हे खरं, पण त्या एका घरासाठी करत होत्या.

आता प्रत्यक्ष पायरीवर जाऊ.

आधी फोन करा किंवा रिकाम्या हातानं जाऊन वेळ विचारून या. बाजाराच्या दिवशी, सणाच्या तोंडावर, संध्याकाळच्या गर्दीत गेलात तर शेठ तुमच्याकडे बघणारही नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. दुपारी अनेक दुकानं निवांत असतात, काही बंदच असतात, म्हणून विचारलेलं बरं. दोघींनीच जायचं. सात जणी गेल्या की मोर्चा आल्यासारखं होतं. एकीनं बोलायचं, दुसरीनं नमुना द्यायचा आणि शेठ काय म्हणाला ते लिहून घ्यायचं. बोलणारीला मध्येच तोडून दुसरीनं भाव कमी करायचा नाही, हे घरून निघतानाच ठरवा. आम्ही गटांबरोबर दुकानांत जातो तेव्हा हे सगळ्यात जास्त दिसतं. एक म्हणते ७२, आणि शेठनं तोंड वाकडं करायच्या आत दुसरी म्हणते, "बरं, ६५ ला घ्या." त्यानं काही मागितलेलंच नसतं.

पिशवीत काय हवं? बंद पाकिटं दोन, चवीसाठी वेगळा डबा, चमचा, कागदी पत्रावळी किंवा छोटे द्रोण, कडक भाकरीचे तुकडे, हात पुसायला कापड, नोंदणीची झेरॉक्स, भाव लिहिलेला एक कागद आणि बिलबुक. चटणी नुसती चमच्यानं तोंडात टाकायला देऊ नका. नुसती चटणी तिखट लागते, ठसका लागतो, मग पाणी शोधा. भाकरीच्या तुकड्यावर घालून द्या, जमलं तर वर थेंबभर तेल किंवा दही. माणूस जसं घरी खातो तशी चव द्यायची. दुकानात काम करणाऱ्या पोरालाही द्या. गिऱ्हाइकानं विचारल्यावर "ही चांगली आहे" हे तोच सांगणार असतो.

कडक भाकरीचं दुखणं वेगळं. ती वाटेत फुटते. तुकडे झालेली भाकरी दाखवायला काढली की खेळ तिथंच संपला. पातळ पिशवीत भरून एसटीच्या रॅकवर टाकायच्या ऐवजी ताठ पुठ्ठ्याच्या खोक्यात, एकावर एक बसवून न्या. आणि पाकिटाचं तोंड नीट सील हवं, दमट हवेत ती मऊ पडते.

बोलायचं काय? आधी विचारायचं. "शेठ, तुमच्याकडं सध्या कुठली चटणी जास्त जाते? केवढं पाकीट?" हा प्रश्न विचारून गप्प बसा. दुकानदाराला आपल्या धंद्याबद्दल बोलायला आवडतं, तो पाच मिनिटांत तुम्हाला महिनाभराची माहिती देतो. कदाचित कळेल की त्याच्याकडं दोनशे ग्रॅमचं पाकीट पडून राहतं आणि शंभराचं जातं, कारण त्याचं गिऱ्हाईक रोजच्या रोज घेणारं आहे. मग आपलं सांगायचं, थोडक्यात, असं काहीतरी:

"शेंगदाण्याची चटणी आहे, कांडपातली. दोनशे ग्रॅम, एमआरपी ९०, तुम्हाला ७२ ला. नोंदणी आहे, हा तिचा कागद. दर मंगळवारी आम्ही येतो, संपलं असेल तेवढं भरून जातो. तारीख जवळ आलेलं पाकीट बदलून देतो. आधी बारा नग घेऊन बघा."

बास. ह्यात त्याच्या सगळ्या शंकांची उत्तरं आली. आपण गटाच्या बायका आहोत हे पाकिटावर लिहिलेलं आहेच, गिऱ्हाईक ते वाचतं आणि त्याचा मालाला फायदाही होतो. पण ते मालाच्या मागून आलेलं बरं.

एक इशारा. "दर मंगळवारी" म्हटलं की दर मंगळवारी. जमणार नसेल तर पंधरवड्याचं सांगा. गटात बारी लावा, ह्या मंगळवारी अमकी-तमकी, पुढच्या मंगळवारी दुसऱ्या दोघी, म्हणजे कुणाच्या घरी पाहुणे आले तरी फेरी चुकत नाही.

शेठ लगेच हो म्हणत नाही. "महाग आहे," म्हणेल. लगेच भाव उतरवू नका. "कशाच्या मानानं महाग वाटतंय?" असं विचारा. तो कंपनीचं पाकीट दाखवील. ते उलटं करून बघा, वजन किती, आत काय काय आहे. पुष्कळदा ते दीडशे ग्रॅमचं असतं, किंवा त्यात डाळवं, साखर असं काही घातलेलं असतं. मग बोलता येतं. आणि ते पाकीट खरंच तेवढ्याच वजनाचं, तसंच आणि स्वस्त असेल तर तेही मान्य करा, घरी जाऊन हिशोब बघा. "बघू नंतर," म्हणाला तर "कधी येऊ?" असं विचारून तारीख घेऊन या.

आणि तिसरं, नेहमीचं उत्तर: "ताई, ठेवून जा. विकलं की पैसे देतो."

ह्यावर गटागटांत वाद होतात. काही म्हणतात, रोखीशिवाय द्यायचंच नाही. आमचं मत असं की नव्या मालाला पहिल्यांदा थोडा माल ठेवून द्यावा लागतो, पण तो बुडाला तरी गट बुडणार नाही एवढाच. बारा नग, फार तर वीस. आणि कागदाशिवाय एकही नाही. बिलबुकातल्या चलनावर तारीख, नग, भाव, किती दिवसांनी हिशोब आणि दुकानाचा सही-शिक्का. एक प्रत त्याला, एक आपल्याला. शेठ म्हणेल, "अहो, एवढ्याशा मालाला कागद कशाला?" हसून सांगा, "आमच्या गटात महिन्याला हिशोब वाचतात शेठ, कागद नसला तर मला भरावे लागतील." हे खरंही आहे आणि त्यात त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होत नाही. दोन-तीन फेऱ्यांत माल जातो हे दिसलं की मग म्हणायचं, आता बिल करू, निम्मे रोख, निम्मे पुढच्या फेरीला.

बिल करून घेण्याचं एक कारण कायद्यातही आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो की छोट्या उद्योगाकडून माल घेतला तर ठरल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडची ठरवता येत नाही. लेखी काही ठरलेलं नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर केला तर व्याज लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट आणि चक्रवाढ. त्यासाठी गटाची उद्यम नोंदणी माल देण्याआधी झालेली हवी. ही नोंदणी ऑनलाईन होते आणि सरकार तिचे पैसे घेत नाही. कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर तो स्वतःच्या मेहनतीचे मागतोय, सरकारचे नाही. तालुक्याच्या किराणा दुकानदाराशी बारा पाकिटांसाठी कुणी कायदा भांडत बसत नाही, बसूही नये. पण शहरातल्या मोठ्या दुकानानं किंवा कॅन्टीनच्या ठेकेदारानं वीस-तीस हजारांचा माल उचलला तर बिलावर उद्यम क्रमांक आणि 'रक्कम इतक्या दिवसांत देणे' ही ओळ असलेली कामाला येते.

सगळं गिऱ्हाईक दुकानदार नसतं. हायवेवरच्या ढाब्याला तुमच्या रंगीत पाकिटाचं काही नाही. त्याला पाच किलोची पिशवी हवी, किलोचा भाव हवा आणि शनिवार-रविवारच्या आधी माल हवा. पाकिटाचे चार रुपये आणि भरण्याची मजुरी वाचते, म्हणून तिथं किलोला कमी भाव देणं परवडतं, पण तोही हिशोब करून. लग्नाच्या केटररला आदल्या दिवशी दोनशे भाकऱ्या हव्या असतात, त्याला तुमची एकच गोष्ट कळते, शब्द पाळता की नाही. मुंबईत 'उमेद' अभियानातर्फे महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं, तशी प्रदर्शनं जिल्ह्यालाही भरतात. तिथं पाच दिवसांत गल्ला चांगला होतो, पण गिऱ्हाईक पुन्हा भेटत नाही. म्हणून स्टॉलवर एक वही ठेवा, "पुन्हा हवी असेल तर नंबर लिहून जा." घरी आल्यावर पंधरा दिवसांनी त्या वहीतल्या लोकांना फोन करायला एकीला नेमा. नाही तर ती वही ट्रंकेत जाते.

मोबाईलवर फोटो पाठवायचे तर दिवसा, दारातल्या उजेडात काढा. मागं दोरीवरचे कपडे नकोत. फोटोत पाकीट असं दिसावं की नाव वाचता येईल, आणि खाली वजन, भाव, पोचवण्याचा खर्च स्पष्ट लिहा. "रेटसाठी मेसेज करा" असं लिहिलं की निम्मे लोक मेसेज करत नाहीत. नेटवरून उचललेला फोटो वापरू नका, माल वेगळा दिसला की माणूस दुसऱ्यांदा येत नाही. पैसे घ्यायचा क्यूआर कोड गटाच्या खात्याचा असावा, अध्यक्षाच्या मुलाच्या खात्याचा नको. मुलगा कितीही गुणी असो, महिन्याच्या हिशोबाला गोंधळ होतोच.

आणि हे मात्र नीट ऐका. अनोळखी माणूस फोन करतो, "पन्नास किलोची ऑर्डर आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका." पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. मोठी ऑर्डर ऐकून हुरळून पिन टाकू नका, आणि पैसे पाठवल्याचा फोटो आला म्हणजे पैसे आले असं नाही. खात्यात दिसले की आले.

दुसऱ्या फेरीला काय करायचं ते सांगून थांबतो. गेल्या गेल्या नवा माल काढायचा नाही. आधी फळीवर आपला माल कुठं आहे ते बघा. मागं ढकलला असेल तर शेठला विचारून पुढं घ्या, धूळ पुसा. शिल्लक मोजा. बारातले तीन उरले म्हणजे नऊ गेले, नऊ गुणिले ७२, ६४८ रुपये. आधी ते घ्या, चलनावर लिहा, सही घ्या. मग विचारा, "कुणी काही बोललं का, तिखट वाटली का, पाकीट लहान हवं का?" जे सांगितलं ते दुसरीनं तिथंच लिहून घ्यायचं. तारीख जवळ आलेली पाकिटं काढून पिशवीत टाका. ती घरी खा, विकू नका. नऊ गेले असतील तर नऊच भरा. शेठ म्हणाला, "दिवाळी आली, पन्नास ठेवा," तर पन्नासाचं बिल करा, निम्मे पैसे आत्ताच मागा आणि नाही म्हणाला तर वीस ठेवून बाकीचे शेजारच्या दुकानात घेऊन जा.